हलिमाभाभींचं मीठ

रोह्याजवळ वरसेला राहायचो तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या दोन बरण्या होत्या. एक आमची, प्लास्टिकची, दुकानातल्या बारीक मिठाची. दुसरी चिनी मातीची, करड्या जाड खड्यांनी भरलेली. ती समोरच्या दारातल्या हलिमाभाभींची. आल्यागेल्याला वाटायचं मी दोन प्रकारचं मीठ वापरते. खरं सांगायला गेलं तर लोक आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे, म्हणून मी सांगणं सोडून दिलं.

आम्ही त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच दिवशी ही बरणी घरात आली. खोके अजून सोडायचे होते. दारात एक सडपातळ बाई उभी, डोक्यावरून ओढणी, ओढणीखाली काहीतरी लपवलेलं. म्हणाल्या, "वैनी, तुमच्याकडं एक वस्तू ठेवली तर चालंल का? चोरीची नाय."

मला वाटलं सोनं असेल. ओढणी बाजूला झाली तर बरणी. "मीठ हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्या घरात ठेवता येत नाय. घरात आमचे हे असतात."

'हे' म्हणजे इस्माईलभाई. उमेदीची सगळी वर्षं आखातात एका कंपनीच्या कॅम्पमध्ये बावर्ची म्हणून घालवून ते परत आले, ते हृदय अशक्त करून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ कमी करा, नाहीतर अंगात पाणी साठेल, आधी पाय सुजतील, मग छातीत पाणी होईल आणि श्वास पुरणार नाही. डॉक्टरांनी कमी करा म्हटलं, भाभींनी बंद केलं. ताटातलं बंद केलं, डब्यातलं बंद केलं, शेवटी बरणीच घराबाहेर काढली. फेकून मात्र देववेना. माहेर पेणच्या खाडीकडचं, वडिलांचा मिठाचा व्यापार, भाऊ युसूफ दर वर्षी मिठागरावरचं मीठ पोतडीत घालून आणून द्यायचा. मीठ फेकणं म्हणजे त्यांना बापाचं नाव फेकल्यासारखं वाटायचं. मग ते शेजारी राहू दे, असा त्यांनी मार्ग काढला. पाहुणे आले की वाटी घेऊन यायच्या, लागेल तेवढंच न्यायच्या. स्वतः मात्र नवऱ्याबरोबर अळणीच जेवायच्या. मी एकदा म्हटलं, तुम्हाला काय झालंय, तुम्ही तरी खा. तर म्हणाल्या, "माझ्या ताटात असलं तर त्यांचा हात येतो, वैनी. माझ्या पोटात असलं तर मला झोप येत नाय."

झोप त्यांना तशीही कमीच यायची. हलिमाभाभींइतकी काळजी करणारी बाई मी पाहिली नाही. काळजी हा त्यांचा नुसता स्वभाव नव्हता, कामच होतं. सकाळी उठून दूध तापवावं तशी त्या काळजी करायला घ्यायच्या. नवरा आखातात असताना रोज मेस बंद झाल्यावर तिकडून एक मिस्ड कॉल यायचा. तो आला की भाभी जेवायच्या. नाही आला तर ताट झाकून बसायच्या. त्या दिवसांतलं एक घड्याळ त्यांच्या ओट्यावर होतं, तिकडच्या वेळेवर लावलेलं. नवरा घरी येऊन खुर्चीत बसला तरी ते घड्याळ मागेच चालायचं. मी विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. माझी काळजी त्याच घड्याळावर चालते."

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. एक, "वाईट बातमी चप्पल घालून येत नाय." म्हणजे तिची चाहूल लागत नाही, आपणच कान लावून बसायला हवं. आणि दुसरं, आम्ही फार चिडवायला लागलो की, "काळजी घरातलंच माणूस हाय. उपाशी ठेवली तर जास्त बोंबलते."

मी तेव्हा धाटावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते. पाण्याचे नमुने तपासायचे, हे माझं काम. वाऱ्याची दिशा बदलली की धाटावचा वास वरसेपर्यंत येतो, तिथं राहणाऱ्या कुणाला त्याचं नवल नाही. भाभींना मात्र प्रत्येक वास नवा वाटायचा. मग माझा फोन वाजायचा.

"वैनी, आज वास गोड येतोय. गोड वास चांगला का वाईट?"

"काही नाही भाभी, नेहमीचाच आहे."

"नेहमीचा आंबट असतो."

"मग आज गोड आहे. घाबरू नका."

"तुम्ही घरी या, मग मला खरं वाटंल." आणि फोन ठेवायच्या. संध्याकाळी कंपनीची बस मला नाक्यावर सोडायची तेव्हा त्या गॅलरीत उभ्या असायच्या. मला बघून आत जायच्या. माझ्या सासूबाईंनीही माझी अशी वाट कधी पाहिली नाही, आणि आधी मला त्याचा त्रास व्हायचा हेही खरं आहे. पुढं पुढं बसमधून उतरल्यावर मीच आधी वर बघायला लागले.

पण भाभींचं म्हणून जे डोळ्यांपुढं येतं, ते सकाळचं दृश्य. त्यांची आणि आमची गॅलरी लागून होती. इस्माईलभाई खुर्चीत बसायचे, लुंगी घोट्याच्या वर घ्यायचे, आणि भाभी त्यांच्या पायाशी उकिडव्या बसून घोट्यावर अंगठा दाबायच्या. दाबून उचलायच्या आणि बघत राहायच्या. पडलेली खळी लगेच भरली तर पाणी साठलेलं नाही. रेंगाळली तर दिवस वाईट. ही तपासणी चालू असताना इस्माईलभाई समोरच्या डोंगराकडे बघायचे. माणूस शांत, उंच, हातांची बोटं लांब. एकदा मला म्हणाले, "आमच्या बायकोला वाटतं मी हापूस हाय. रोज दाबून बघते, पिकला का काय."

त्या अंगठ्याची भाभींना इतकी सवय झाली होती की पाव आणला तरी दाबून बघायच्या, मळलेली कणीक दाबून बघायच्या, माझ्या मुलाला ताप आला तर त्याच्या पायालाही दाबून बघून म्हणाल्या, "पाणी नाय." तो नुसता सर्दीनं पडला होता.

इतकं जपूनही एकदा घात झालाच. पेणला युसूफच्या घरी लग्न होतं. भाभी बायकांत अडकल्या आणि इस्माईलभाईंना मागच्या पडवीत खारातल्या कैऱ्यांची बरणी सापडली. मिठाच्या पाण्यात मुरलेल्या त्या कैऱ्या. किती खाल्ल्या ते कुणी पाहिलं नाही. परत येताना गाडीत नागोठण्याच्या पुढं त्यांना मागं टेकवेना. बसल्या बसल्या पुढं वाकून तोंडानं श्वास घेत होते. रोह्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तसंच पनवेलला पाठवलं. भाभी परत आल्या त्या घरी न जाता आधी आमच्याकडे आल्या, फडताळावरची बरणी पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर इथंच हाय." जणू ती उठून पेणला जाऊन आली होती.

त्यानंतर इस्माईलभाईंनी शपथ घेतली, पुन्हा मिठाला शिवणार नाही. भाभींनी ती ऐकून घेतली. विश्वास ठेवला नाही. "माणूस चांगला हाय वैनी," मला म्हणाल्या, "पण जीभ कुणाचं ऐकत नाय."

आणि इस्माईलभाई शपथेला जागले, हेच वाईट झालं. ते अळणी जेवायचे आणि "बरं झालंय" म्हणायचे. हळूहळू तेही म्हणेनासे झाले. चार घास खाऊन उठायचे. बाजारात जाणं बंद, पानाच्या टपरीवरच्या गप्पा बंद. आयुष्यभर शेकडो माणसांना जेवू घातलेला माणूस, त्याला स्वतःच्या घरात चुलीपाशी कधी उभं राहू दिलेलं नव्हतं. सुट्टीवर यायचे तेव्हा ते घरचे पाहुणेच असायचे, आणि पाहुण्याला चुलीकडे कोण जाऊ देणार. आता कायमचे आले तर चुलीवर जे शिजायचं त्याला चव नव्हती. दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. भाभी दारातून त्यांच्या पाठीकडे बघायच्या, श्वासाबरोबर ती वरखाली होते ना एवढं पाहून आत जायच्या.

अशात युसूफनं टर्की आणली.

युसूफ बदकं पाळायचा, अलीकडे त्यानं टर्कीही पाळायला घेतल्या होत्या. मोठी टोपली मोटारसायकलला बांधून त्यानं एक नर वरसेला आणून सोडला. "मेव्हणे," तो म्हणाला, "इतकी वर्षं ऐकतोय, नाताळात तिकडं अख्खी टर्की भाजायचो म्हणून. आता भाजून दाखवा. येत्या शनिवारी आम्ही सगळे येतो. रेहानाला आणि जावयांना पण घेऊन येतो." रेहाना म्हणजे भाभींची मुलगी, पेणलाच दिलेली.

टर्की खाली पार्किंगमध्ये दोरीनं बांधली. तिचा तो गळ्यातला लोंबता लाल पडदा आणि गुर्रगुर्र आवाज ऐकून बिल्डिंगमधली पोरं जमली. इस्माईलभाई जिन्यावरून खाली उतरले. कित्येक महिन्यांनी उतरले. पक्ष्याभोवती एक फेरी मारली, छातीला हात लावून पाहिला, आणि बोलायला लागले. त्या संध्याकाळी ते जेवढं बोलले तेवढं मी त्यांना आधीच्या वर्षभरात बोलताना ऐकलं नव्हतं. टर्कीचं मांस कोंबडीसारखं नसतं, छातीचं तर नाहीच. तशीच भट्टीत घातली तर बाहेरून लाल आणि आतून भुसा. म्हणून आधी ती अख्खीच्या अख्खी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. पाण्यात मीठ, थोडा गूळ, तमालपत्र, लवंग, मिरी, संत्र्याची साल. बर्फात थंड ठेवायची, मधून मधून उलटायची, एक दिवस आणि एक रात्र तरी. मग ते मांस पाणी धरून ठेवतं आणि भाजलं तरी ओलं राहतं. "मीठ वरून लावलं तं कातडीलाच राहतं," ते म्हणाले. "पाण्यातनं गेलं तं हाडापर्यंत जातं."

मी भाभींकडे पाहिलं. 'हाडापर्यंत' हा शब्द त्यांच्या तोंडावर उमटलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर त्या माझ्या स्वयंपाकघरात बरणीसमोर बसलेल्या. सरळच बोलल्या. "ते म्हणतात, मी फक्त करणार, खाणार नाय. कसम घेतात. पण कैरीच्या वेळी पण तोंडानं नायच म्हणत होते. वैनी, एवढ्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काय तरी मागितलं. नाय म्हणू तर माणूस आतनं मरतो. व्हय म्हणू तर बाहेरनं."

मी म्हटलं, खाणार नाही म्हणालेत ना.

"तुम्ही कंपनीत पाणी तपासता. मला सांगा, पाण्यातलं मीठ मासात किती जातं?"

"तसं मी कधी तपासलं नाही, भाभी. थोडं जात असणार."

"थोडं," त्या म्हणाल्या. काहीच जात नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. खूप जातं म्हटलं असतं तर त्यांनी नवऱ्याला सरळ नाही सांगितलं असतं. थोडं या शब्दाचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्या बरणी पोटाशी धरून गेल्या.

शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असायची, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. सकाळी टर्की हलाल करून, पिसं काढून, साफ करून वर आली. लग्नकार्यात लागतो तसला मोठा टोप मोरीजवळ मांडला होता. मासळीबाजारातून बर्फ आणून टबात रचला होता, त्यात टोप बसवला. साफ करताना इस्माईलभाईंच्या तर्जनीला सुरी लागली होती. त्यांना पर्वा नव्हती. बाही सरसावून त्यांनी मीठ विरघळवलं, पाण्यात हात फिरवला, "आई गं" म्हणून बोट झटकलं आणि हसले. पक्षी आत सोडला, वर जड ताट ठेवलं. भाभी बाजूला उभ्या राहून बरणी रिकामी होताना बघत होत्या. अर्धी उरली तेव्हा त्यांनी ती ओढूनच घेतली.

दुपारी इस्माईलभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले. थोड्या वेळानं आमच्या दारावर थाप पडली. एकच, हलकी. "वैनी, जरा येता?"

मी गेले तर मोरीतून लवंगेचा आणि संत्र्याचा वास येत होता, फरशी ओली होती, आणि भाभी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. टोपात टर्की होती, पाणी होतं, पाण्याचा रंगही तसाच गुळचट होता, वर तमालपत्रं तरंगत होती. मला काही कळेना.

"साधं पाणी हाय," त्या म्हणाल्या. "ते ओतून टाकलं. टर्की धुतली. गूळ नवीन घातला, म्हणजे रंगावरून कळायला नको. पानं, लवंगा गाळून परत घातल्या. मीठ नाय घातलं."

"भाभी, उद्या सगळ्यांना चव लागेल ना."

"लोकांना अळणी लागंल. लोक मरणार नायत." त्यांनी बाही पिळली. "उद्यापर्यंत आत गेलेलं पण बाहेर येईल ना, वैनी? थोडं?"

येईल, मी म्हटलं. माझ्या अंदाजानं येणारच होतं. त्यांनी अर्धी बरणी माझ्या हातात दिली आणि कुणाला सांगू नका म्हणाल्या. तेवढ्यात जिन्यावर इस्माईलभाईंची पावलं वाजली आणि त्यांनी फरशीवर फडकं टाकलं. ते आत आले, टोपी खुंटीला अडकवली, आणि टर्की उलटायला बाह्या वर करत सरळ टोपाकडे गेले. मी तिथून निघाले.

शनिवारी सकाळी एक छोटीशी गोष्ट घडली, तिचा अर्थ मला पुष्कळ दिवसांनी कळला. इस्माईलभाई आमच्या दारात आले. ते सहसा यायचे नाहीत. मी या म्हटलं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले, फडताळाकडे पाहिलं. पाणी मागितलं, प्यायले, ग्लास पालथा घातला. "काय हवं होतं का?" मी विचारलं. "काय नाय वैनी, सहज," म्हणाले आणि गेले.

घरच्या गॅसवर अख्खी टर्की भाजणं शक्य नव्हतं. ईदेला लोक नानखटाईची ताटं बेकरीत भाजायला नेतात तशी बाजारातल्या बेकरीवाल्याशी बोलणी झाली होती. दुपारचे पाव निघाले की भट्टी मोकळी. मोठ्या थाळ्यात, तुपाचा हात फिरवलेली टर्की रिक्षानं गेली, आणि दिवेलागणीला परत आली तेव्हा जिन्यावर प्रत्येक मजल्यावरचं दार उघडलं. रंग असा आला होता की युसूफनं आधी फोटो काढले, मग सलाम केला. दस्तरखान अंथरलं. आम्हालाही बोलावणं होतं. मी अशा जागी बसले होते की मला भाभी दिसत होत्या, आणि भाभींना फक्त इस्माईलभाईंचे हात दिसत होते.

त्यांनी सुरी घेतली. छातीवर पहिला काप घातला, दुसरा घातला. मांस सुरीखाली पापुद्रे सुटल्यासारखं भुसभुशीत तुटलं. रस आला नाही. त्यांचा हात तिथं थोडा थांबला, मग पुढं चालू लागला. सगळ्यांना वाढून झालं. जावई सभ्य, पटकन रस्सा ओढून घेतला. रेहाना म्हणाली, छान झालंय अब्बा, आणि पाणी प्यायली. युसूफला मात्र राहवेना.

"मेव्हणे," तो म्हणाला, "मिठवाल्यांच्या जावयानं मिठवाल्यांनाच अळणी घातलं की हो."

सगळे हसले. इस्माईलभाईंनी सुरी फडक्याला पुसली आणि बाजूला ठेवली. "मीठ माझ्याच हातून कमी पडलं," ते म्हणाले. "आता हात गेला माझा." मग त्यांनी स्वतःचं ताट पुढं ओढलं. त्यात त्यांचा रोजचा अळणी भात आणि डाळ होती. तेवढंच ते जेवले. टर्कीला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. त्यांनी शब्द पाळला होता, आणि तो पाळणार नाहीत म्हणून भाभींनी त्यांचा पदार्थ नासवला होता. भाभींच्या हातात डाळीचा डाव होता, तो कुणाला वाढायचा ते त्यांना आठवेना.

रोहा लहान गाव. युसूफचं वाक्य बाजारात पोचायला वेळ लागला नाही. टपरीवर कुणी विचारायचं, "काय बावर्ची, आज चहात साखर तरी हाय ना?" इस्माईलभाई हसायचे. गंमत अशी की या चिडवण्यासाठी का होईना, ते पुन्हा टपरीवर जायला लागले. पण भाभींना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त ते वाक्य ऐकू यायचं. माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "मी त्यांचा जीव वाचवला का नाव घालवलं, मला सांगा." कधी म्हणायच्या, "रोज सांगायला जाते. तोंड उघडते आणि विचारते, पाणी देऊ का."

"सांगून टाका," मी म्हणायचे. "रागावतील आणि सोडून देतील."

"रागावले तर चालंल. पण मग म्हणतील, हलिमा, तुझा माझ्या कसमवर भरोसाच नाय, तर पाळू कशाला?" वर्ष असंच गेलं. त्या सकाळी घोट्यावर अंगठा दाबायच्या तेव्हा वर त्यांच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, एवढाच काय तो फरक.

पुढच्या नाताळाच्या सुमाराला मला डोलवीच्या बाजूला नोकरी लागली आणि आम्ही पेणला जायचं ठरवलं. भाभींनी बातमी ऐकली, चांगलं झालं म्हणाल्या, माझं माहेर तुमच्या जवळ येईल म्हणाल्या, आणि लगेच दुसऱ्या काळजीला लागल्या. बरणी कुणाकडे ठेवायची? तळमजल्यावरच्यांना सांगायचं तर ते गावभर करतील. आमच्या जागी कोण येणार ते माहीत नव्हतं. "मिठासाठी मी भाडेकरू शोधू का आता?" त्या म्हणाल्या.

जायच्या दिवशी टेम्पो खाली लागला. सामान उतरलं. स्वयंपाकघरात शेवटी ती बरणीच राहिली. मी ती घेऊन समोर गेले. भाभी दारात होत्या, पण हात पुढं करीनात. मागे गॅलरीतल्या खुर्चीतून इस्माईलभाई उठून आले, माझ्या हातून बरणी घेतली आणि बायकोपुढं धरली.

"घरात ठेव."

"नको."

"ठेव गो. मला हात लावायचा असता तं त्याच वेळी लावला असता. वैनींच्या दारापर्यंत गेलो होतो." त्यांनी दुसऱ्या हाताची तर्जनी वर केली. "बोट कापलं होतं माझं. सकाळी पाण्यात घातलं तं मिरची लागल्यासारखं झोंबलं. नमाजवरनं आलो, टर्की उलटायला परत हात घातला. नाय झोंबलं."

भाभी एकदम उंबऱ्यावर बसल्या. मी तिथं उभी होते याचं दोघांनाही भान नव्हतं.

"तुम्हाला तवाच कळलं?"

"तवाच."

"मग मीठ का नाय घातलंत परत? सगळ्यांसमोर हात गेला म्हणालात. वरीसभर लोक हसतात तुम्हाला."

इस्माईलभाईंनी बरणी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "तो टोप दोन माणसांनी उचलून आत आणला होता. तू एकटीनं ओतलास. घरात पाल दिसली तं शेजाऱ्यांना बोलावतेस. मी टोपाकडं बघितलं, तुझ्या बाह्यांकडं बघितलं. म्हटलं, असू दे अळणी."

भाभींनी ओढणीत तोंड घातलं. आवाज आला तो आधी रडण्याचा वाटला, मग त्यात शब्द ऐकू आले, "वरीसभर जाळलंत मला. वरीसभर."

"तू पण गपच होतीस की," ते म्हणाले. बरणी त्यांच्या हातातच होती. ती घेऊन ते आत गेले, ओट्यावर त्या मागे चालणाऱ्या घड्याळाशेजारी ठेवली, आणि जाऊन पुन्हा गॅलरीतल्या खुर्चीत बसले.

मी खाली उतरले. टेम्पोवाला घाई करत होता. निघताना नेहमीच्या सवयीनं वर पाहिलं. भाभी कठड्याशी येऊन हात हलवतील असं वाटलं होतं, पण त्या कठड्याशी नव्हत्या. त्या दिवशी सकाळची तपासणी आमच्या गडबडीत राहून गेली असावी. कठड्याच्या गजांमधून दिसलं, इस्माईलभाईंची लुंगी घोट्याच्या वर होती, भाभी पायाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि अंगठा दाबलेला होता. दाबून लगेच उचलायचा आणि खळी भरते का ते बघायचं, असं मी रोज सकाळी पाहत आले होते. त्या दिवशी त्या खळीकडे बघत नव्हत्या, वर त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत तरी त्यांनी अंगठा उचलला नव्हता.